मेजर सिक रिपोर्टला जात नाहीत : एका निवृत्त तोपचीचं प्रकरण

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, आधारमधल्या चुका, आणि गेल्या काही वर्षांपासून फौजी पेन्शनरांचे हयातीचे दाखले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा दुष्काळी पट्टा. रान भरवशाचं नाही म्हणून इथली पोरं पिढ्यानपिढ्या पलटणीत गेली. कुठल्याही वस्तीवर जा, देवळीशेजारी वर्दीतला एक फोटो सापडतोच. पेन्शन आलेल्या शिपायाला, नायकाला, हवालदाराला आमच्याकडे सरसकट 'मेजर' म्हणतात. सैन्यात मेजर हा अधिकारी असतो हे गावाला कळत नाही असं नाही, पण गावानं दिलेली बढती नाकारतो कोण?

त्यांतल्या एका मेजरांचं हे प्रकरण. जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांचा मेळावा होता आणि मी फॉर्म भरून द्यायला मांडवात टेबल टाकून बसलो होतो. व्यासपीठावरून कुणीतरी विचारलं, योजना आहेत, पैसे आहेत, मग आपले लोक येत का नाहीत? खालून उत्तर आलं, "स्वाभिमान, साहेब!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. या उत्तराची सोय अशी की त्यात कुणाचीच चूक निघत नाही, त्यामुळे ते सगळ्यांनाच आवडतं. मला ते खटकायला लागलं ते या मेजरांमुळे. त्यांची ओळख पटू नये म्हणून गाव आणि युनिट सांगत नाही, आणि किरकोळ तपशील बदलले आहेत.

नोव्हेंबरातली रांग

फौजी पेन्शन पूर्वी बँकेतून चालायची. नोव्हेंबरात बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहिलं, रजिस्टरवर सही केली की वर्षभराचं काम झालं. आता बहुतेकांची पेन्शन 'स्पर्श' नावाच्या ऑनलाइन प्रणालीवर गेली आहे आणि तिचा कारभार प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून चालतो. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे आधारच्या ठशानं सांगावं लागतं. ज्यांच्याकडे साधा मोबाइल आहे, ते माझ्याकडे येतात.

२०२३ च्या नोव्हेंबरात हे मेजर आले, सोबत काकू. बोटं नांगर-फावड्यानं गुळगुळीत झालेली, मशीन ठसा घेईना. मी म्हणालो, "काका, दुसरं बोट ठेवा." काही नाही. पुन्हा म्हणालो. ते मशीनकडेच बघत राहिले. तेव्हा मागं उभ्या असलेल्या काकूंनी त्यांच्या कोपराला हलकेच बोट लावलं. ते लगेच माझ्याकडे वळले, माझ्या ओठांकडे बघितलं आणि म्हणाले, "हां, बोला." त्या अर्ध्या तासात काकूंनी चार-पाच वेळा तसं केलं. रांगेतल्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. नंतर मला कळलं की घरात पाहुणे आले, बँकेत गेले, लग्नात पंगतीला बसले, सगळीकडे हेच चालतं. बोलणारा माणूस बोलला की काकू कोपराला स्पर्श करतात. कितीतरी वर्षं. त्यामुळे मेजरांना ऐकू येत नाही हे भावकीतल्या अर्ध्या लोकांना ठाऊकच नाही. त्यांना वाटतं मेजर जरा घुमे आहेत.

त्यांचा जन्म १९६६ चा. १९८४ ला तोफखान्यात भरती, १७ वर्षं नोकरी, नायक म्हणून २००१ ला पेन्शन. वडिलांना अर्धांगवायू झाला, विहिरीचं पाणी भावकीत अडकलं, म्हणून स्वतःच अर्ज देऊन बाहेर पडले. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यांची तोफ द्रासच्या बाजूला होती. कारगिलच्या त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे डागले, हे आपण अभिमानानं सांगतो. एकेक गोळा नळीत सरकवणारी माणसं तोफेपासून दोन हातांवर उभी असतात, एवढंच तेव्हा डोक्यात येत नाही. "कानात कापूस कोंबायचो," मेजर म्हणाले. "रात्री कापूस काढला तरी शिट्टी वाजतच ऱ्हायची. मग सवय झाली शिट्टीची."

काय मिळत होतं, काय घेतलं

दाखला झाल्यावर मी सहज विचारलं, ईसीएचएसचं, म्हणजे फौजी आरोग्य योजनेचं, कार्ड आहे का? नाही. मुलीला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळाली का? नाही. घरपट्टी माफ करून घेतली? नाही. शेवटी विचारलं, "कँटीनचं कार्ड?"

मेजरांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. एकही ओरखडा नव्हता. महिन्यातून एकदा ते पहाटेच्या एसटीनं पासष्ट किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी जातात, कँटीनच्या रांगेत उभे राहतात, तेल, साबण, चहापत्ती आणि कोट्यातल्या दोन बाटल्या घेऊन संध्याकाळी परत येतात. बाटल्या स्वतः पीत नाहीत, जावयाला आणि पाहुण्यांना होतात. पंधरा-वीस वर्षांत एकही महिना चुकला नसेल.

स्वाभिमानाची गोष्ट इथे अडखळली. सरकारकडून काही घ्यायला लाज वाटणारा माणूस सवलतीच्या साबणासाठी तीन तास रांगेत उभा राहत नाही. कँटीनची रांग आणि ईसीएचएसचा दवाखाना एकाच गावात आहेत, रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर. मेजर दर महिन्याला पासष्ट किलोमीटर जातात आणि ती दहा मिनिटं मात्र जात नाहीत. मग अडचण अंतराचीही नाही.

मी हे त्यांना विचारलं. काकूंनी कोपराला बोट लावलं. मेजर जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कँटीनला कोण इचारत नाय, तुला काय झालंय म्हणून."

सिक रिपोर्ट

युनिटमध्ये आजारी पडलेल्या जवानानं सकाळी नाव नोंदवून एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जायचं, याला सिक रिपोर्ट म्हणतात. सोय जवानांसाठीच आहे. पण ज्याचं नाव तिथं वारंवार लागतं त्याच्याकडे बाकीचे कसं बघतात, हे कुठल्याही फौजीला विचारा. "ज्याला तोप वडायची नसती तो जातो सिक रिपोर्टला," हे मेजरांचं वाक्य. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी उस्तादानं त्यांना हेच शिकवलं असणार.

दुसरी गोष्ट आणखी व्यवहारी आहे. सैन्यात प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी असते, तिला शेप म्हणतात : मन, कान, हातपाय, एकंदर प्रकृती, डोळे. पाचही ठिकाणी एक नंबर असला की माणूस शेप-वन. श्रेणी घसरली की बढती अडते, चांगला कोर्स हुकतो, नोकरी वाढवून मिळणं अवघड होतं. मेजरांना हवालदार व्हायचं होतं. कानांची परीक्षा अशी की वीस फुटांवर पाठमोरं उभं राहायचं, मागून डॉक्टर कुजबुजणार आणि ऐकलेलं आपण मोठ्यानं सांगायचं. "म्होरला गडी येताना सांगायचा, आज कंचे शब्द इचारत्यात," ते हसत म्हणाले. मग उरलेलं अंदाजानं. असे ते प्रत्येक वेळी पास झाले. हवालदार मात्र झालेच नाहीत, त्याआधी घरची चिठ्ठी आली.

या हुशारीचा हिशेब नंतर चुकता झाला. सेवेमुळे अपंगत्व आलं, किंवा सेवेत ते वाढलं, तर वेगळी अपंगत्व पेन्शन असते. धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये फार महत्त्वाची गोष्ट सांगितली : भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल आणि जवान आजारामुळे बाहेर पडला असेल, तर तो आजार सेवेतलाच मानायचा, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. या निकालानं पुष्कळ जवानांना न्याय मिळाला. पण त्यासाठी बाहेर पडतानाच्या कागदावर आजार दिसावा लागतो. आमच्या मेजरांच्या भरतीच्या कागदावर कान उत्तम आहेत आणि निवृत्तीच्या कागदावरही कान उत्तम आहेत. मधल्या १७ वर्षांत एकदाही सिक रिपोर्ट नाही. कागदोपत्री या माणसाच्या कानाला काही झालेलंच नाही.

मी त्यांना म्हणालो, तेव्हा सांगितलं असतं तर. ते म्हणाले, "तवा सांगितलं असतं तर तोपेवरनं काढून कुकहाउसला टाकलं असतं." त्यांच्या दृष्टीनं दोनच पर्याय होते आणि त्यांनी तोफ निवडली. ते चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

सोयी आखणारे एक गोष्ट विसरतात, असं मला वाटतं. ज्या संस्थेनं माणसाला सतरा-वीस वर्षं दुखणं लपवायला शिकवलं, तीच संस्था तो बाहेर पडल्यावर पाटी लावते : या, दुखणं सांगा, इलाज करू. वर्दी उतरवायला एक दिवस लागतो. पण मेजरांसाठी ईसीएचएसचा दवाखाना अजून एमआय रूमच आहे आणि बाकावर बसलेले लोक म्हणजे तोफ ओढायची नसलेले.

अठराशे रुपयांची गोष्ट

तरी सगळा दोष मनाला देऊन मोकळं होता येत नाही. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्यानंतर पेन्शन आलेल्यांना ती सक्तीची आहे, निवृत्तीच्या पैशांतूनच वर्गणी कापली जाते. आधीच्या लोकांना मात्र मर्जीचा मामला होता : वर्गणी भरून सभासद व्हा, नाहीतर दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्ता घ्या. त्या वेळी भत्ता महिना १०० रुपये होता. ज्यांची मूळ पेन्शन ३,००० रुपयांपर्यंत होती त्यांना सभासद व्हायला एकदाच १,८०० रुपये भरायचे होते, आणि त्यात नवरा-बायको दोघांचा जन्माचा इलाज.

आज ऐकताना हे फुकटच वाटतं. पण २००३ हे आमच्याकडे दुष्काळाचं साल. टँकर, चारा छावण्या. मेजरांची पेन्शन दीड-दोन हजारांच्या घरातली. महिनाभराची पेन्शन अशा दवाखान्यासाठी भरायची, जो तेव्हा आमच्या बाजूला उघडलाही नव्हता. आणि ते ३७ वर्षांचे, धडधाकट. "कापूस काढला की बरं वाटल," असं त्यांना तेव्हाही वाटत होतं. त्यांनी पैसे भरले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही भरले नसते.

आता तीच वर्गणी शिपाई ते हवालदारापर्यंतच्यांना ३०,००० रुपये आहे. आणि सभासद झालं की भत्ता बंद. तो भत्ता आता महिना १,००० रुपये आहे. मजा म्हणजे हे हजार रुपये कशाचे येतात हे मेजरांना माहीतच नव्हतं. स्पर्शची पेन्शन स्लिप उघडून मी ओळ दाखवली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे दवाखान्याचं पैसं मी बारा म्हैने घेतोय की!" घेत होते. त्यातून गुळवेल आणि बाम यायचे.

मुलीच्या बाबतीत चूक सरळसरळ माहितीची झाली. ती २०२० ला इंजिनिअरिंगला गेली, बारावीला ७८ टक्के. माजी सैनिकांच्या मुलामुलींसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, बारावीला किमान ६० टक्के लागतात, मुलींना महिना ३,००० रुपये. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर, आणि तो पहिल्या वर्षालाच करायचा. मेजरांना हे कळलं मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना, कँटीनच्या रांगेत. चार वर्षांचे एक लाख चव्वेचाळीस हजार. मी कॅल्क्युलेटरवर आकडा काढला आणि लगेच पुसला, पण काकूंनी पाहिला होता.

एकदा गेले होते

ते कधीच कुठल्या कचेरीत गेले नाहीत, असं मात्र नाही. हे मला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळलं. थोरल्या मुलाच्या आयटीआय प्रवेशासाठी माजी सैनिकाचा पाल्य असल्याचा दाखला हवा होता. जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेले. टेबलामागं एकच माणूस, समोर चाळीस. त्यांचा नंबर आला तेव्हा सांगण्यात आलं, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स चालणार नाही, मूळ आणा. दुसऱ्या खेपेला मूळ घेऊन गेले तर सही करणारे दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला, पण प्रवेशाची तारीख होऊन गेली होती.

तीन खेपा, तीन दिवसांचा रोजगार, एसटीचं भाडं. पण त्यांना लागलं ते वेगळंच. नंबर आल्यावर टेबलामागच्या माणसानं काहीतरी विचारलं, मेजरांना ऐकू आलं नाही, काकू सोबत नव्हत्या. तो मोठ्यानं म्हणाला, "ओ मेजर, लक्ष कुठंय?" मागं उभे असलेले हसले. तो माणूस वाईट नसणार. चाळिसावा माणूस समोर आला की कुणाचाही आवाज चढतो, माझाही चढतो. पण मेजर ती हकिगत सांगताना माझ्या ओठांकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर ते त्या दारात गेले नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचे कल्याण संघटक तालुक्याला येऊन बसतात, लोकांच्या अडचणी ऐकतात. मेजरांना त्यांच्या तारखाही माहीत होत्या. पण संघटकही फौजीच, हवालदार नाहीतर सुभेदार होऊन आलेला. त्याच्यापुढं ऐकू येत नाही म्हणून सांगायचं? ज्याच्यापासून लपवत होतो, त्याच पंक्तीतला तो माणूस.

घरपट्टीचं प्रकरण निराळं आहे आणि तिथे मात्र मेळाव्यातल्या उत्तराला मी मान देतो. राज्यात माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे. ग्रामसेवक स्वतः दोनदा म्हणाले, मेजर, अर्ज द्या. यांचं उत्तर : "पंदरा ऑगस्टला शाल-नारळ घेऊन झेंड्याजवळ खुर्चीत मी बसणार, आन् दिवाबत्तीचं पैसं गावानं भरायचं?" गेल्या मार्चलाही त्यांनी रांगेत उभं राहून घरपट्टी भरली आणि पावती कँटीनच्या कार्डाशेजारी ठेवली.

शब्दांचाही एक उपद्रव असतो. त्याच गावात सत्तरीचे एक आजोबा आहेत, पेन्शन लागण्याआधीच नोकरी सुटलेले. हवालदार आणि त्याखालच्या दर्जाच्या, पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून दरमहा अनुदान मिळतं. ते ४,००० रुपये होतं, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० केलं आहे. रक्कम थोडी नाही. पण योजनेचं इंग्रजी नाव 'पेन्युरी ग्रँट', म्हणजे सरळ मराठीत दारिद्र्य अनुदान. आजोबांनी मला अर्थ विचारला, मी सांगितला, ते चहा अर्धा ठेवून उठले. जाताना विचारलं, पैसे येतात कुठून? मी म्हणालो, ध्वजदिन निधीतून, ७ डिसेंबरला शाळेत छोटे झेंडे वाटून गोळा करतात तो. "म्हणजे माझ्याच नातवाच्या वर्गणीतनं," ते म्हणाले आणि गेले. कचेरीत बसून ज्यानं या योजनेला नाव दिलं त्याला वाटलं असेल, नावात काय आहे.

काळी ट्रंक

मेजरांच्या प्रकरणाला वळण मिळालं ते एका अपघातानं. स्पर्शवर त्यांची माहिती तपासताना पत्नीच्या नावाची ओळ दिसली. आधारवर काकूंचं नाव एक, इथं भलतंच.

चूक कुणा कारकुनाची नव्हती. लग्नात आपल्याकडे नवरीचं नाव बदलायची रीत आहे. मेजरांनी लग्नानंतर युनिटमध्ये बायकोची नोंद केली ती माहेरच्या नावानं, कारण सुट्टीत घाईघाईनं झालेल्या लग्नात तांदळात लिहिलेलं नवं नाव त्यांच्या अजून तोंडात बसलं नव्हतं. पुढे रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, बँक, सगळीकडे सासरचं नाव गेलं. सैन्याच्या लेखी मेजरांचं लग्न ज्या बाईशी झालं होतं ती तीस वर्षांत कुठल्याच कागदावर नव्हती.

मी समजावून सांगितलं : काका, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर कुटुंब पेन्शन या नावाला लागणार. काकूंना सिद्ध करावं लागेल की ती बाई मीच.

काकूंनी कोपराला बोट लावलं नव्हतं. मेजरांना तरी ऐकू आलं.

चौथ्या दिवशी मी सकाळी शटर उघडायला आलो, तर पायरीवर काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. फौजी ट्रंक ज्यांनी पाहिली आहे त्यांना आतला वास सांगायला नको : डांबरगोळ्या, जुना कागद, बूटपॉलिश. डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकमध्ये, पेन्शनचा आदेश प्लॅस्टिकमध्ये, १९९९ ची आंतरदेशीय पत्रं सुतळीनं बांधलेली. लग्नपत्रिका नव्हती, पण लग्नाचा फोटो होता आणि पाठीमागं स्टुडिओचा तारखेचा शिक्का.

पुढचे काही महिने त्या एका नावाच्या मागे गेले. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर निवेदन, सरपंचांचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, अर्जावर जिल्ह्याच्या कार्यालयाची शिफारस. तिथून कागद तोफखान्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे नाशिक रोड कॅम्पला, तिथून प्रयागराजला. एकदा फोटोवरची सही चुकीच्या जागी म्हणून परत आला. मेजर चार वेळा जिल्ह्याला गेले, त्याच दारात, ज्या दारात त्यांना हसले होते. एकदाही कुरकुर नाही. एका खेपेला टेबलामागच्या माणसानं आपणहून खुर्ची दिली म्हणाले.

मी मनात निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो : स्वतःसाठी मागायचं म्हणजे सिक रिपोर्ट, बायकोसाठी मागायचं म्हणजे ड्यूटी. ऐकायला छान वाटतं. पण मग 'स्वाभिमान, साहेब'सारखंच ते थोडं जास्तच छान वाटतं. कारण त्या चारही खेपांना काकू सोबत होत्या, कागद मी क्रमानं लावून दिलेले होते आणि कुठल्या टेबलावर काय विचारतील हे आम्ही आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं. म्होरल्या गड्यानं येता-येता शब्द सांगावेत, तसं. मुलाच्या दाखल्याच्या वेळीही ते स्वतःसाठी गेले नव्हते, आणि तरी एका हसण्यानं बारा वर्षं परत गेले नाहीत. तेव्हा बायकोसाठी गेले हे खरं, आणि या वेळी शब्द आधी माहीत होते हेही खरं. कशाचं वजन किती ते मला तोलता येत नाही.

निल

पेन्शनचा दुरुस्त आदेश आला. त्यात काकूंचं नाव आधारप्रमाणे. मेजरांनी तो वाचून दाखवला, काकूंनी नुसती मान हलवली आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवला.

त्यानंतर काकूंचे गुडघे हा विषय निघाला. खासगी दवाखान्यात सांध्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च विचारून मुलगा आला होता. लाखांतला आकडा होता. ३०,००० रुपये आणि महिन्याच्या हजाराचं पाणी, असा हिशेब आम्ही कागदावर मांडला. संलग्न रुग्णालयांची बिलं थकतात, मग ती ईसीएचएसचे पेशंट घ्यायला कां-कू करतात, हेही मी सांगितलं. न सांगता पैसे भरायला लावणं बरोबर वाटलं नाही. दोघांनी रात्रभर विचार केला आणि सोयाबीनचे पैसे आले तेव्हा वर्गणी भरली. फॉर्म मीच भरला. आजार किंवा अपंगत्व आहे का, या प्रश्नावर काकूंच्या रकान्यात गुडघे लिहिले. मेजरांच्या रकान्याशी थांबलो आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"निल," मेजर म्हणाले. फौजी माणूस 'काही नाही' म्हणत नाही, निल म्हणतो.

मी निल लिहिलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, काकूंनी सांगितलं. पहिल्यांदा दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरबाई होत्या. काकूंचे गुडघे तपासले, गोळ्या लिहिल्या, पुण्याला पाठवायचा कागद केला. मग खाली बघून लिहिता-लिहिताच मेजरांना विचारलं, "आणि तुम्हाला काही त्रास?" मेजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. काकू शेजारच्याच स्टुलावर होत्या, हात मांडीवर. त्यांनी हात उचलला नाही.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.